नाम आधीं कीं क्रियापद आधीं?

परभणी जिल्ह्यांतील पूर्णा या गांवाचें आणि त्याच्या नदीचें नांव एकच. प्रवाशांच्या लक्षांत मात्र तें जंक्शन म्हणून राहतें. मनमाडहून परभणीमार्गें येणारी वाट येथून पुढें नांदेडकडे जाते, आणि अकोल्याहून हिंगोली-वसमतवरून उतरणारी वाट तिला येथेंच मिळते. अकोल्याच्या बाजूनें येऊन नांदेडकडे जाणारी गाडी पूर्णा स्टेशनांत थांबली, कीं तिचें इंजिन सुटतें, शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकास जातें, आणि जो डबा आतांपर्यंत शेवटचा होता तोच पहिला होतो. डबे जागचे तसूभरहि हलत नाहींत. उतारूंचा चहा होतो न होतो तोंच गाडी आल्या दिशेनें परत निघाल्यासारखी चालूं लागते, आणि नवख्या प्रवाशाच्या मनांत क्षणभर धस्स होतें.

या घटनेचें वर्णन मराठींत दोन तऱ्हांनीं करतां येतें. 'गाडी फिरली' असें म्हटलें तर फिरण्याची क्रिया गाडीच्या अंगची झाली. 'गाडी फिरवली' असें म्हटलें तर ती कोणीतरी बाहेरच्यानें केली, गाडी तिचें केवळ कर्म. ('गाडी उलटली' असें मात्र कोणी म्हणूं नये, त्याचा अर्थ निराळा आणि भयंकर आहे.) व्यवहारांत दोन्ही वाक्यें सारखींच चालतात. परंतु संगणकासाठीं लिहिणाऱ्या मंडळींत याच भेदावरून गेलीं पन्नासांहून अधिक वर्षें मोठा वाद चालू आहे, आणि तो केवळ शब्दांचा नाहीं.

वादाचा विषय समजण्यासाठीं थोडी पूर्वपीठिका हवी. संगणकांत माहिती नुसती ओतून चालत नाहीं. ती कोणत्यातरी शिस्तीनें मांडावी लागते. आडत दुकानांत पोत्यांची थप्पी लावतात. तिच्यांत जें पोतें शेवटीं ठेवलें तें आधीं निघतें. तिकिटाच्या खिडकीपुढें रांग असते. तिच्यांत जो आधीं आला तो आधीं सुटतो. शब्दकोशांत शब्द वर्णानुक्रमानें असतात, म्हणून पाहिजे तो शब्द सगळीं पानें न उलटतां सांपडतो. थप्पी, रांग, यादी, कोश, आणि फांद्या फुटत जाणारें झाड, या माहितीच्या रचना होत. प्रत्येकानें त्या पुन्हा पुन्हा लिहीत बसूं नये म्हणून कोणी जाणकार त्या एकदांच नीट लिहून सर्वांच्या उपयोगास ठेवतो. अशा संचास त्या व्यवसायांत लायब्ररी म्हणतात. पुस्तकांच्या लायब्ररीशीं तिचें साम्य एवढेंच, कीं लिहिणारा एक आणि वापरणारे हजारों. म्हणूनच लिहिणाऱ्याचा एक निर्णय चुकला, तर त्याचें ओझें हजारोंस वर्षानुवर्षें वाहावें लागतें.

आतां दोन पंथ पाहावे. पहिला म्हणतो, रचना हें नाम आहे, आणि तिच्यासंबंधीं जें जें करावयाचें तें तिच्याच पदरीं असावें. या पंथाचा लेखक रांगेस हांक मारून सांगतो: 'रांगे, हा डबा घे', 'रांगे, पुढचा डबा दे.' व्याकरणाच्या परिभाषेंत ही संबोधनाची विभक्ति झाली. दुसरा म्हणतो, रचना ही नुसती मांडणी. क्रिया तिच्याबाहेर स्वतंत्र असाव्या. 'घालणें' ही एक क्रिया, तिला रांग आणि डबा हीं दोन्ही हातीं द्यावीं आणि काम करून घ्यावें. येथें रांग कर्ता नाहीं, हांक मारण्याजोगीहि नाहीं. ती केवळ साधन किंवा स्थान. पहिल्या पद्धतीस ऑब्जेक्ट-ओरिएंटेड, म्हणजे वस्तुप्रधान, म्हणतात. दुसरीस फंक्शनवर आधारलेली, म्हणजे क्रियाप्रधान.

मराठी विद्यार्थ्यास येथें एक चकवा लागण्याचा संभव आहे. आपल्या भाषेंत नाम आधीं आणि क्रियापद शेवटीं येतें. इंग्रजीच्या आज्ञार्थांत क्रियापद आधीं येतें. वस्तुप्रधान लेखनांत वस्तूचें नांव आधीं आणि क्रियेचें मागून असल्यामुळें तें मराठी कानास सहज वाटतें, आणि जें सहज तें अधिक शास्त्रशुद्ध असा ग्रह होतो. परंतु शब्दांचा क्रम निराळा आणि मालकी निराळी. डी आणि निम या नांवांच्या संगणक-भाषांत तर एकच स्वतंत्र फंक्शन दोन्ही क्रमांनीं लिहितां येतें. म्हणून कांहीं तें फंक्शन वस्तूच्या घरचें होत नाहीं. खरा प्रश्न मालकीचा आहे: रचनेच्या आंत हात घालण्याचा अधिकार कोणास असावा?

या प्रश्नाचें महत्त्व रेल्वेच्या यार्डांत फार स्पष्ट दिसतें. ज्याचें एक टोक बंद आहे असा आडरूळ म्हणजे डब्यांची थप्पीच. शेवटीं आंत ढकललेला डबा आधीं बाहेर काढावा लागतो. डोनाल्ड क्नूथ यांनीं १९६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या महाग्रंथाच्या पहिल्या खंडांत थप्पीची कल्पना अशाच रुळांच्या आकृतीनें समजावून दिली आहे, आणि ती उपमा एड्सगर डायक्स्ट्रा यांनीं सुचविल्याचेंहि नमूद केलें आहे. एक, दोन, तीन अशा क्रमानें आलेले तीन डबे अशा आडरुळावरून कोणकोणत्या क्रमांनीं बाहेर काढतां येतील? तीन डब्यांचे एकूण क्रम सहा. त्यांपैकीं पांच साधतात, सहावा साधत नाहीं. तीन नंबरचा डबा आधीं पाहिजे असेल, तर एक आणि दोन हे आंत असलेच पाहिजेत, आणि दोन हा एकच्या तोंडाशीं उभा असणार. मग तीन, एक, दोन हा क्रम कसा यावा? चार डबे घेतले तर चोवीस क्रमांपैकीं चौदाच साधतात. हें बंधन म्हणजे रचनेचा दोष नव्हे. बंधन हेंच तिचें स्वरूप. थप्पीच्या मधून डबा काढण्याची मुभा दिली कीं ती थप्पी राहिली नाहीं, आणि ती थप्पी आहे असें समजून पुढें जें जें कोणी बांधलें असेल तें सगळें डळमळलें.

असें बंधन कोणाच्या भरंवशावर ठेवावयाचें? रेल्वेनें या प्रश्नाचें उत्तर संगणकाच्या पुष्कळ आधीं दिलें होतें. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या दरम्यान एका वेळीं एकच गाडी असावी, हा त्या खात्याचा प्राणभूत नियम. तो माणसांच्या स्मरणावर सोडला तर कधीं ना कधीं कोणी विसरणार, आणि त्या विस्मरणाचें मोल माणसांच्या जिवांत द्यावें लागणार. म्हणून हिंदुस्थानांत ठिकठिकाणीं नीलचें टोकन-यंत्र वापरण्यांत आलें. दोन्ही स्टेशनांवरचीं यंत्रें तारेनें जोडलेलीं असतात. एकांतून धातूचा गोळा बाहेर निघाला, कीं तो कोणत्यातरी यंत्रांत परत पडेपर्यंत दोहोंपैकीं कोठूनहि दुसरा गोळा निघूं शकत नाहीं. गोळा हातीं आल्यावांचून ड्रायव्हरनें गाडी हांकावयाची नाहीं. वेताच्या किंवा लोखंडी कड्याला अडकवलेली ती पिशवी धांवत्या इंजिनांतून झेलणारा ड्रायव्हर जुन्या पिढीनें पाहिलेला आहे. नियम येथें पाटीवर लिहिलेला नाहीं, तो यंत्राच्या पोटांत बसवलेला आहे. तो मोडावयाचा म्हटलें तरी सहजासहजीं मोडतां येत नाहीं.

वस्तुप्रधान पद्धतीची खरी पुण्याई हीच आहे. ऑस्लो येथील ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नायगार्ड यांनीं १९६७ सालच्या सिम्युला भाषेंत माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया एकत्र बांधल्या. डेव्हिड पार्नास यांनीं १९७२ सालीं दाखवून दिलें कीं प्रोग्रामाचे भाग पाडावयाचे ते कामाच्या पायऱ्यांवरून नव्हे, तर ज्या निर्णयांत पुढें बदल होण्याचा संभव आहे असा एकेक निर्णय एकेका भागाच्या पोटांत लपवून पाडावे. बार्बरा लिस्कोव्ह यांनीं त्याच दशकांत क्लू भाषेमध्यें हा विचार माहितीच्या रचनांस पद्धतशीर लावला: बाहेरच्यानें रचनेच्या क्रिया तेवढ्या जाणाव्या, आंतलें बांधकाम जाणूं नये. आंत लांब पट्टी आहे कीं सांखळी आहे हें वापरणाऱ्यास कळलें नाहीं, तरच लिहिणाऱ्यास तें उद्यां बदलतां येतें.

परंतु नुसतें 'वस्तु' म्हटल्यानें पहारा बसतो असें नाहीं, आणि याचा ठळक दाखला जावा या भाषेनेंच घालून दिला. १९९६ सालीं ती भाषा लोकांपुढें आली तेव्हां तिच्या लायब्ररींतील थप्पी ही 'व्हेक्टर' नांवाच्या पट्टीची लेक म्हणून लिहिली गेली. आईचे सगळे अधिकार लेकीस मिळाले. त्यांत मधूनच वस्तु घालण्याचा आणि मधूनच काढण्याचा अधिकारहि आला. नांव थप्पीचें, दारें पट्टीचीं! आडरुळाच्या मध्यावरचा डबा वरून क्रेननें उचलावा तसा हा प्रकार झाला. एकदां हजारों प्रोग्राम त्यावर उभे राहिल्यावर तीं दारें बुजवतां येईनात. थप्पी हवी असेल तर निराळीच रचना वापरावी, असा सल्ला जावाच्या अधिकृत माहितीपत्रकांतच द्यावा लागला.

उलट बाजूचा दाखला सी भाषेचा. तींत वस्तुप्रधान सोय कांहींच नाहीं. तरीहि तिच्या लायब्ररींतील फाइल पाहावी: उघडणें, वाचणें, लिहिणें, बंद करणें हीं सगळीं सुटीं फंक्शनें, फाइल म्हणून हातीं जें पडतें तें केवळ एक दाखलपत्र, त्याच्या आंत काय आहे तें बघण्याचें कोणास कारण पडत नाहीं. पहारा आहे, पण संबोधन नाहीं. पहारा आणि संबोधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हें ज्यानें ओळखलें, त्याच्यापुरता अर्धा वाद तेथेंच मिटतो.

आतां दुसऱ्या पंथाचें बळ कोठें आहे तें पाहूं जातां आधीं एक लहानशी अडचण दिसते. दोन गाड्या जोडून एक करावयाची आहे. हांक कोणास मारावी? 'पहिल्ये गाडी, दुसरीस आपल्यांत घे' असें म्हणावें, तर पहिलीच यजमान कां? दोन याद्या सारख्या आहेत काय हें विचारावयाचें असेल, तर कोणत्या यादीनें उत्तर द्यावें? ज्या क्रियेंत दोन बरोबरीचे भागीदार आहेत तिला एकाच्या घरीं नांदावयास पाठवणें हें नेहमींच ओढूनताणून होतें. 'जोडणें' ही क्रिया दोघींच्या बाहेर, यार्ड-मास्तराच्या हातीं असावी हेंच स्वाभाविक.

मोठी अडचण हिशेबाची आहे. समजा, लायब्ररींत दहा तऱ्हांच्या रचना आहेत आणि त्यांवर वीस तऱ्हांचीं कामें करावयाचीं आहेत: शोधणें, मोजणें, निवडणें, लहानमोठ्याप्रमाणें लावणें वगैरे. प्रत्येक रचनेनें प्रत्येक काम स्वतःच्या पदरीं ठेवावयाचें तर दोनशें तुकडे लिहावे लागतात. अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांनीं मेंग ली यांच्या सहकार्यानें ह्यूलेट-पॅकार्ड कंपनींत असतांना सी प्लस प्लस भाषेसाठीं जी लायब्ररी रचली, तिच्यांत या गुणाकाराचा बेरजेंत पालट केला. त्यांनीं रचना आणि कामें यांच्या मध्यें एक तिसरी गोष्ट घातली: इटरेटर, म्हणजे रचनेवरून एकेक पाऊल टाकीत जाणारें बोट. प्रत्येक रचनेनें आपलें बोट तेवढें द्यावें. प्रत्येक कामानें बोटाशींच बोलावें, रचनेशीं नव्हे. दहा आणि वीस मिळून तीस. ही लायब्ररी १९९४ सालीं त्या भाषेच्या प्रमाण-मंडळानें स्वीकारली आणि १९९८ च्या प्रमाणांत ती समाविष्ट झाली. वस्तुप्रधान विचाराचा डंका चहूंकडे वाजत असतां त्याच भाषेच्या मध्यभागीं क्रियाप्रधान लायब्ररी येऊन बसावी, हा त्या इतिहासांतला गमतीचा योग होय.

बोटाच्या या करारास रुळांच्या मापाची उपमा सर्वांत जवळची. निजामाच्या हद्दींतील गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभीं झाला तो मीटर गेज, म्हणजे एक मीटर रुंदीचा. पूर्णा ते हिंगोली ही शाखा १९१२ सालीं निघाली, तीहि त्याच मापाची. मनमाडास मात्र मुंबईकडचा मार्ग साडेपांच फुटी; त्यामुळें तेथें एका मापाच्या डब्यांतला माल उतरवून दुसऱ्या मापाच्या डब्यांत भरावा लागे. माल तोच, हमालांची मेहनत दुप्पट. पुढें मनमाड-नांदेड मार्ग रुंद झाला, अकोल्याकडचा तसाच राहिला, आणि माप बदलण्याची ती तऱ्हा कांहीं वर्षें पूर्णा येथें येऊन ठेपली. अकोल्यापर्यंतचा मार्ग २००८ सालीं रुंद झाल्यावर ती संपली. रुळांचें माप एक असलें कीं कोणताहि डबा कोणत्याहि मार्गावर चालतो, डबा बनवणाऱ्यानें मार्ग पाहिलेला असो वा नसो. स्टेपानोव्ह यांचें बोट म्हणजे असें ठरवून दिलेलें माप. ज्या लायब्ररींत असें माप नाहीं, तिच्यांतील एका रचनेंतून दुसरींत माहिती नेणें म्हणजे मनमाडची हमाली.

इतकें झाल्यावर क्रियाप्रधान पंथाचा जय झाला असें वाटेल. परंतु बाहेरच्या माणसास आंतलें कळत नाहीं, हा त्याचा गुण तसाच दोषहि आहे. त्याच लायब्ररींत 'शोधणें' हें स्वतंत्र फंक्शन आहे; तें आरंभापासून एकेक पाऊल टाकीत जातें. झाडाच्या रचनेंत दहा लाख नांवें क्रमानें लावून ठेवलेलीं असलीं, आणि त्यांवर कोणी हें फंक्शन चालवलें, तर तें निमूटपणें चालतें, उत्तरहि बरोबर देतें. पण दहा लाख पावलांपर्यंत टाकतें. झाडास स्वतःस विचारलें असतें तर दर पावलास निम्मा पसारा टाकून देत सुमारें वीस पावलांत काम झालें असतें, कारण आपण क्रमानें लागलेले आहों हें झाडास ठाऊक आहे. म्हणून त्या लायब्ररींत झाडाच्या पदरीं वेगळें 'शोध' ठेवावें लागलें. सांखळीसारख्या यादीचें तसेंच. क्रम लावण्याचें सर्वसामान्य फंक्शन एकदम कोठल्याहि स्थानीं उडी मारतां येईल असें गृहीत धरतें; सांखळींत उडी मारतां येत नाहीं, कडीकडीनें जावें लागतें. तेव्हां सांखळीस क्रम लावण्याची क्रिया तिच्या स्वतःच्याच पदरीं बांधली आहे. अशा चुकीच्या फंक्शनाचें वाईट हें, कीं तें ओरडत नाहीं. लहान गांवाच्या यादीवर सगळें ठीक चालतें. जिल्ह्याची यादी आली कीं यंत्र बसतें, आणि दोष कोठें हें शोधण्यांत दिवस जातात.

यावरून एक व्यवहारी कसोटी निघते, आणि ती दोन्ही पंथांच्या कट्टर अनुयायांस रुचणार नाहीं. ज्या क्रियेनें रचनेचा अंतस्थ नियम मोडूं शकतो, किंवा जी आंतलें गुपित जाणल्यावांचून नीट होत नाहीं, ती रचनेच्या पदरीं असावी. बाकीच्या सगळ्या बाहेर. पदरच्या क्रिया जितक्या थोड्या, तितका नियम तपासणें सोपें. ज्या खोलीस दोन दारें तिला दोन कुलुपें पुरतात, ज्या धर्मशाळेस चाळीस दारें तिचा पहारा कोणी करावा? जावाच्या थप्पीचा दोष हाच होता.

आगगाडीच्या वेटिंग लिस्टचा विचार या कसोटीनें करून पाहावा. तिला लोक रांग म्हणतात, पण ती साधी रांग नव्हे. मधलाच प्रवासी तिकीट रद्द करतो, आणि त्याच्या मागचे सगळे एकेक पाऊल पुढें सरकतात. तेव्हां 'मधून काढणें' हें दार येथें असलेंच पाहिजे. 'मधें घालणें' हें दार मात्र असतां कामा नये, नाहींतर सत्ताविसावा प्रवासी एका रात्रींत सातवा होईल. यादींत किती जण आहेत, त्यांत वृद्ध किती, एका कुटुंबाचे किती, हे प्रश्न बाहेरून विचारावे. त्यांनीं नियमास धक्का लागत नाहीं.

पूर्णा जंक्शनमधील इंजिनाच्या अदलाबदलीशीं जुळणारें एक उदाहरण येथें मुद्दाम पाहण्यासारखें आहे. यादी उलटी करण्याच्या दोन तऱ्हा: डबे खरोखर उलट क्रमानें लावणें, किंवा डबे तसेच ठेवून इंजिन दुसऱ्या टोकास जोडणें, म्हणजे वाचण्याची दिशा बदलणें. पहिलींत श्रम डब्यांच्या संख्येप्रमाणें वाढतात. दुसरींत डबे दहा असोत वा दहा हजार, श्रम सारखेच. पायथन भाषेंत डबे हलवणारी क्रिया यादीच्या पदरीं आहे, आणि दिशा बदलणारी क्रिया बाहेरचें फंक्शन आहे. जावामध्यें नेमकें उलटें: डबे हलवणारें फंक्शन १९९८ पासून बाहेर आहे, आणि दिशा बदलून दाखवणारी क्रिया २०२३ सालीं यादीच्या पदरीं आली. दोन्ही भाषा जगांत सर्वत्र चालतात. नामास हांक मारली म्हणजे एक घडतें आणि क्रियापद आधीं घेतलें म्हणजे दुसरें घडतें, अशी समजूत करून घेणारा विद्यार्थी या दोहोंपैकीं एका ठिकाणीं हटकून फसतो.

कोणती वाढ अपेक्षित आहे हाहि विचार लागतो. एक तक्ता कल्पावा; उभ्या बाजूस रचनांचे प्रकार, आडव्या बाजूस कामें. वस्तुप्रधान मांडणींत नवा प्रकार घालणें सोपें, कारण तो आपलीं सगळीं कामें बरोबर घेऊन येतो. नवें काम घालावयाचें तर प्रत्येक प्रकार उघडावा लागतो. क्रियाप्रधान मांडणींत हें बरोबर उलटें. जॉन रेनॉल्ड्स यांनीं १९७५ सालीं हा पेंच ओळखला होता. फिलिप वॉडलर यांनीं १९९८ सालीं त्याला नांव दिलें. दुकानाच्या हिशेबांत नवे नवे मालाचे प्रकार येत राहतात, तेथें पहिली मांडणी शोभते. माहितीच्या रचनांचें तसें नाहीं. थप्पी, रांग, यादी, कोश, झाड हे प्रकार पिढ्यान् पिढ्या तेच आहेत, आणि त्यांच्याकडून करून घ्यावयाचीं कामें मात्र रोज नवीं. म्हणून निदान या एका प्रांतांत तराजूचें पारडें क्रियेकडे झुकतें.

महाराष्ट्रांतील विद्यार्थ्यांपुढें हा वाद बहुधा वाद म्हणून येतच नाहीं. तो आधीं एक अभ्यासक्रम आणि मग दुसरा असा येतो. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचें 'लेट अस सी' हें पुस्तक ज्याच्या टेबलावर नव्हतें असा अभियांत्रिकीचा विद्यार्थी विरळा. त्यांच्याच नांवावर माहितीच्या रचनांवरचीं दोन पुस्तकें आहेत, एक सी मधून आणि एक सी प्लस प्लस मधून. विषय एक, वाटा दोन, हें त्या शीर्षकांतच दिसतें. पण विद्यार्थी पहिली वाट जुनी आणि दुसरी नवी, एवढाच बोध घेऊन पुढें जातो, आणि नोकरीस लागल्यावर जेथें तेथें 'वस्तु' घडवूं लागतो. दोन संख्यांतील मोठी कोणती हें सांगणाऱ्या क्रियेसहि तो एखादें घर बांधून देतो. शिक्षकानें एकच रांग दोन्ही तऱ्हांनीं एकाच आठवड्यांत लिहून घेतली, आणि मग 'आतां हिचें आंतलें बांधकाम बदला; बाहेरच्या किती ओळी बदलाव्या लागल्या तें मोजा' असें सांगितलें, तर हा भ्रम पुष्कळ कमी होईल. त्याला नवें यंत्र लागत नाहीं, नवें पुस्तकहि लागत नाहीं.

तिसरीहि एक विचारसरणी आहे, तिचा येथें उल्लेखच करतां येईल. तिच्या मतें रचनेंत बदल मुळीं करूंच नये. जमाखर्चाच्या वहींत खाडाखोड न करतां जसें नवें पान घालतात, तशी प्रत्येक क्रियेनें नवी रचना द्यावी, आणि जुनी होती तशी राहावी. ख्रिस ओकासाकी यांच्या १९९८ सालच्या ग्रंथांत असल्या रचना काटकसरीनें कशा बांधाव्या हें सांगितलें आहे, आणि २००७ सालीं निघालेली रिच हिकी यांची क्लोजर भाषा त्याच पायावर उभी आहे. जें बदलतच नाहीं त्याला पहाराहि कमी लागतो, हें तिचें म्हणणें विचार करण्याजोगें आहे.

सी प्लस प्लसच्या २०२० सालच्या प्रमाणांत या प्रदीर्घ वादाचे दोन निकाल एकाच वेळीं नोंदले गेले. 'ही वस्तु तुझ्यांत आहे काय?' असा सरळ प्रश्न झाडास आणि कोशास विचारण्याची सोय त्यांच्या पदरीं देण्यांत आली. वीस पावलांत उत्तर देण्याचें गुपित त्यांचेंच असल्यामुळें तें योग्यच झालें. आणि 'अमुक अटींत बसतील तेवढ्या वस्तू काढून टाका' ही क्रिया बाहेरचें फंक्शन म्हणून दिली गेली. तिचें नांव सर्व रचनांस एकच. परंतु आंतून ती पट्टीसाठीं एका तऱ्हेनें, सांखळीसाठीं दुसऱ्या आणि झाडासाठीं तिसऱ्या तऱ्हेनें लिहिलेली आहे, आणि वापरणाऱ्यास त्याची वार्ताहि नसते.